देवाच्या जवळ गेलं की आपलं काम कळतं का?

पलूस तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. वय २९, सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी. घरी ज्ञानेश्वरीचं पारायण, गुरुवारी औदुंबर, जमेल तेव्हा आळंदी. नोकरीत जीव रमत नाही. ‘देवानं मला काहीतरी वेगळ्या कामासाठी पाठवलंय असं आतून वाटतं, पण ते काम कोणतं ते उमगत नाही. देवाशी नातं अजून जवळचं झालं की कळेल का? नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाऊ का?’ असा त्यांचा प्रश्न. जोडीला त्यांनी प्रामाणिकपणे हेही लिहिलंय, की त्या डोळे मिटून ग्रंथ उघडतात आणि बोट पडेल ती ओवी देवाचं उत्तर म्हणून घेतात. कधी ‘हो’ निघतं, कधी ‘नाही’. घरच्यांना लग्नाची घाई आहे. आणि शेवटी विचारलंय, गुरू करावा का.

ताई, मी मास्तरकी करत करत सातारा जिल्ह्यात कीर्तनं केली, आता नुसतीच कीर्तनं करतो. कीर्तन संपून आरती झाली, लोक पांगले, की मागं कोणीतरी एक थांबतं. पूर्वी ते पोराच्या लग्नाचं विचारायचे, पाऊस कधी पडेल ते विचारायचे. हल्ली तिशीच्या आतबाहेरची पोरं-पोरी थांबतात आणि तुमचाच प्रश्न विचारतात. निम्मी स्पर्धा परीक्षांतून थकून आलेली असतात.

उत्तर आधी देऊन टाकतो. हो, कळतं. पण देव काम सांगतो म्हणून नाही. त्याच्यापाशी रोज बसल्यानं आपल्या डोक्यातला कालवा कमी होतो, आणि जे काम आधीच आपल्या दारात येऊन उभं आहे ते दिसायला लागतं. त्यामुळं ‘मी काय करू ते सांग’ हा प्रश्न काही दिवस देवाला विचारूच नका. त्या प्रश्नातच घाई आहे, आणि घाईनं कोणतंच नातं जवळचं होत नाही.

ग्रंथ उघडून बोट ठेवणं आजपासून बंद. आपल्याकडं गावोगाव देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मला त्या प्रथेची थट्टा करायची नाही. पण आमच्याकडची जुनी माणसं कौल लावायची तो नेमक्या गोष्टीला: विहीर इथं पाडू का, यंदा जत्रेला बगाड काढू का. डावा पडला की विषय तिथंच मिटला. ‘माझ्या जन्माचं प्रयोजन काय’ असा कौल कोणी लावत नव्हतं, आणि नकार आला म्हणून दुसऱ्या दिवशी परत पाकळ्या चिकटवत नव्हतं. तुम्ही मात्र ‘हो’ येईपर्यंत पानं उलटताय. म्हणजे उत्तर तुम्ही आधीच ठरवलंय, माउलींची फक्त सही हवी आहे.

आता जवळीक म्हणजे काय करायचं ते सांगतो, कारण तुमच्या सगळ्या पत्रात तेवढंच राहून गेलंय. पारायण किती झाली ते तुम्ही लिहिलंत, बसता कशा ते नाही.

वेळ एक ठरवा आणि ती हलवू नका. पहाटेचीच हवी असं नाही. तुमची नोकरी बघता रात्री जेवणं-भांडी आटोपल्यावरची चालेल. हरिपाठाचे २७ अभंग म्हणा, किंवा माळ घ्या. गोंदवल्याच्या महाराजांचा सगळा भर एका नामावर होता. ‘श्रीराम जय राम जय जय राम’, बस. संख्येच्या मागं लागू नका. लाख झाला, सव्वा लाख झाला असा हिशेब पतसंस्थेत बसणाऱ्या माणसाला फार लवकर चढतो. नाम संपल्यावर मात्र लगेच उठायचं नाही. थोडा वेळ तसंच बसायचं, काही न मागता, काही न विचारता. हाच भाग सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात.

या बसण्यात काय होतं ते ऐका. पहिले काही आठवडे नुसता कचरा वर येतो. साहेब काय बोलले, मैत्रिणीला कुठं नोकरी लागली, चुलत बहिणीच्या लग्नात कोण काय म्हणालं. घाबरू नका, आणि तो हाकलतही बसू नका. नामावर परत या. बऱ्याच जणांना इथंच वाटतं की आपलं काही खरं नाही, मन लागत नाही, आणि ते सोडून देतात. जे टिकतात त्यांचं पुढं एक होतं, आणि हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ठामपणे सांगतो. तक्रारींची रांग हळूहळू ओसरते आणि तिच्या जागी माणसं यायला लागतात. तीच-तीच माणसं. कोणाला शेजारची एकटी म्हातारी आठवते, कोणाला शाळा सुटलेला पोरगा, कोणाला गावाबाहेरचा आटलेला ओढा. ती कोण आहेत ते बघा. मनात आलेला प्रत्येक विचार देवाचा नसतो हे खरं, पण ज्याच्यातून तुम्हाला स्वतःला काहीच मिळायचं नाही असा विचार परत परत येत असेल, तर त्याच्याकडं लक्ष द्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट अंगानं करायची आहे. तुमच्या किंवा शेजारच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणेचा एक पहारा मागून घ्या. रात्रीचा मागा, दोन ते चार. तो कोणालाच नको असतो, त्यामुळं लगेच मिळेल. काही गावांत बायकांना पहारा देताना अजून आढेवेढे घेतात. दिवसाचा दिला तर दिवसाचा घ्या, पण रात्रीचा मागायला लाजू नका. सात दिवस ती वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आधीचा पहारेकरी वीणा तुमच्या गळ्यात घालतो, तुम्ही त्याच्या पाया पडता, तो तुमच्या पाया पडतो, मग वय आणि जात काही असो. मग तो झोपायला जातो आणि मंडपात तुम्ही, समोर विठोबा-रखुमाईची तसबीर, समई, आणि कोपऱ्यात घोंगडं ओढून पडलेले दोघंचौघं. तार छेडत ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभं राहायचं. पहिला अर्धा तास भक्ती असते. मग पाय दुखतात. मग बोट झणझणायला लागतं आणि मनात येतं, ऐकतंय कोण? थांबलो तर कोणाला कळणार आहे? त्या वेळी तुम्ही का थांबत नाही, ते तुमचं तुम्हाला दिसतं. आपल्या कामाची पारख मी एवढ्यावरच करायला सांगतो. कोणी बघत नसताना, पाय दुखत असताना कोणतं काम तुम्ही सोडत नाही? जे काम टाळ्या थांबल्याबरोबर सुटतं ते हौसेचं असतं. हौस वाईट नाही, पण तिच्यासाठी नोकरी सोडू नये.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. तीन पानं देवाबद्दल आहेत, आणि मध्येच तुम्ही लिहून गेलात की बचत गटाच्या बायका तुमच्याच खिडकीला येतात, पासबुक वाचून घेतात, व्याज कसं लागलं ते विचारतात, ‘त्यातच वेळ जातो आणि साहेब ओरडतात’. अख्ख्या पत्रात जिवंत माणसं आली ती तेवढ्या ओळीत. ज्या बाईला आकडे वाचता येत नाहीत तिला शेजारच्या रिकाम्या खिडकीसमोर उभं राहायचं सोडून तुमच्या रांगेत ताटकळावंसं का वाटतं, याचा विचार केलात का? हेच तुमचं जन्माचं काम असं मी म्हणत नाही. ते सांगणारा मी कोण. कदाचित ते काम याहून लांब कुठंतरी असेल. पण शोध सुरू करायला ती खिडकी औदुंबराइतकीच चांगली जागा आहे. तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता म्हणून आठवण देतो. अठराव्या अध्यायात माउली म्हणतात, ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं’. म्हणजे आपल्या कामाचीच फुलं वाहून पूजा केली की देव अपार संतोषतो. पारायणात ही ओवी भरभर निघून जाते, कारण तोवर समाप्तीच्या स्वयंपाकाची गडबड सुरू झालेली असते.

यावर पोरं मला लगेच अडवतात: ‘पण समर्थांनी तर सोडलंच की! बोहल्यावरून पळाले.’ पळाले खरे. मग पुढची हकीकतही सांगा. परंपरा सांगते की नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं गोदावरीच्या पाण्यात उभं राहून पुरश्चरण केलं, नंतर बारा वर्षं देश पायी पालथा घातला, लोकांची दैना डोळ्यांनी पाहिली, आणि तेव्हा कुठं ते आपल्या कृष्णाकाठी आले. चाफळचं राममंदिर, मसूर-उंब्रजपासून तुमच्याकडच्या बहे-बोरगाव आणि शिराळ्यापर्यंतचे मारुती, हे सगळं त्या चोवीस वर्षांनंतरचं. पळण्याचा तेवढा क्षण आपल्याला आवडतो, मधली वर्षं कोणाला नको असतात.

तुकोबांचंही बघा. दुष्काळात दुकान बुडालं, बायको गेली, तेव्हा ते डोंगरावर गेले. पण लोकांना दिलेल्या कर्जाचे खतं-कागद त्यांनी भावाशी, कान्होबाशी, निम्मे वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे तेवढे इंद्रायणीत बुडवले. वैराग्याच्या भरातसुद्धा कान्होबाच्या हिश्श्याला हात लावला नाही.

पण या प्रश्नासाठी मला सगळ्यात जवळचे वाटतात ते आमच्या आरफळचे हैबतबाबा. सातारा तालुक्यातलं गाव. हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावाकडं परतताना सातपुड्यात भिल्लांनी धरलं आणि गुहेत कोंडलं, अशी हकीकत सांगतात. आत बसून ते हरिपाठ म्हणत राहिले. सुटका झाली, तशी आरफळची वाट सोडून ते आळंदीला गेले आणि माउलींच्या पायाशीच राहिले. इथवरची गोष्ट सगळे कीर्तनकार सांगतात, मीही सांगतो, लोकांच्या डोळ्यात पाणी येतं. पण तुमच्या कामाची गोष्ट यापुढं आहे. तोपर्यंत देहूहून निघणाऱ्या पालखीत ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकत्र जात होत्या. ती चाल तुकोबांच्या मुलाची, नारायण महाराजांची. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली आणि तिला शिस्त लावली. कोणती दिंडी कोणाच्या पुढं, कोणते अभंग कुठल्या वेळी, मुक्काम कसा पडायचा, चोपदारानं काय करायचं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणले, तंबू आणला. ही सगळी बुद्धी फौजेतल्या माणसाची आहे. देवानं त्यांची सरदारकी फेकून दिली नाही, तिलाच कामाला लावलं.

ती शिस्त बघायची असेल तर पालखी नीरा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला किंवा फलटणला जा. रिंगणाला सगळेच जातात. तुम्ही संध्याकाळच्या समाज आरतीला उभ्या राहा. सगळ्या दिंड्या तळावर गोल करून टाळ कुटत असतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतो आणि एवढा जनसागर एकदम गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडं जातो, म्हणणं ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मगच आरती. शेकडो दिंड्यांत एका दिंडीचं गाऱ्हाणं बुडू नये म्हणून लावलेली ही सोय आहे, आणि ती भजनाचाच भाग आहे. आळंदीला महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी हैबतबाबांची समाधी आहे. तुम्ही आळंदीला जाता, म्हणजे तुम्ही तिथून गेलेल्या आहात.

तेव्हा ‘पूर्णवेळ सेवेत जाऊ का’ याला माझं उत्तर असं: आत्ता नाही. तुमच्या हातात हिशेब आहे, माणसांशी बोलायची हातोटी आहे. ती घेऊन आधी आठवड्यातला एक दिवस कुठंतरी द्या. कुठल्या गावातली दिंडी आपला हिशेब नीट ठेवते? कुठल्या सप्ताहाच्या वर्गणीच्या वह्या धड असतात? जिथं हिशेबाची अशी गरज आहे तिथं एक वर्षभर जा. वर्षानंतर तुम्ही नसताना त्यांचं अडत असेल आणि तुम्हालाही चैन पडत नसेल, तर पुढचं बोलू. साताऱ्यातच नारायण वामन टिळक होऊन गेले, ख्रिस्ती झालेले कवी. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि इथं ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा सुरू केला. सोडलं त्यांनीही, पण बाप्तिस्मा १८९५ चा. मधली बावीस वर्षं त्याच मिशनचं काम करण्यात गेली होती. शिवाय कीर्तन आणि अभंग जे लहानपणापासून अंगात मुरलेलं होतं ते घेऊनच ते येशूकडं गेले. मला कीर्तनकार म्हणून त्यांचं हे फार आवडतं.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, जरी कीर्तनात मी हे सांगितलं की पुढच्या रांगेतले दोघंतिघं नाराज होतात. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. अण्णा काही कुठल्या साक्षात्काराची भाषा बोलत नव्हते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर तर साताऱ्याचेच. मिरजेत डॉक्टरकी शिकले, इथं दवाखाना चालवला आणि मग तो सोडून समाजाच्या कामाला लागले. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही, २०१३ साली त्यांचा खून झाला तोवर काम सोडलं नाही. मग देवाशिवायही काम कळतं का? कळतं, डोळ्यांपुढं आहे. मग देव कशाला? माझ्यापुरतं सांगतो: ज्याला कळलंय त्याला लागत नसेल, पण ज्याला भीती वाटते, ज्याला शेजाऱ्याशी बरोबरी केल्याशिवाय झोप येत नाही, अशा माझ्यासारख्याला रोज कुणापुढं तरी बसावं लागतं.

घरच्यांचं थोडक्यात. ‘देवानं मला लग्न करू नको म्हणून सांगितलंय’ असं आईला कधीही म्हणू नका. लग्न करायचं नसेल तर ‘मला नको’ म्हणा, करायचं असेल तर करा, विचार करायला एक वर्ष हवं असेल तर एक वर्ष मागा. पण जे आपण ठरवलंय ते देवाच्या नावावर खपवलं की घरात कोणाला वाद घालायला जागा उरत नाही, आणि आईशी वाद घालायची जागा तरी राहू द्यावी. सावता महाराजांनी मळ्यातच ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ म्हटलं, गोरोबांनी चिखल तुडवत नाम घेतलं. आमच्या परंपरेत संसार आडवा येत नाही. दोघांत वाटून घ्यायला नवरा तयार असला की झालं, नाही तर सगळा बाईवरच पडतो. ते मात्र आधी बघून घ्या.

राहिला गुरूचा प्रश्न. घाई नको. पत्रात तुम्ही एका ठिकाणाचा उल्लेख केलाय, जिथं ‘आदेश’ मिळतात आणि नोकरी सोडायला सांगतात. नाव मी इथं घेत नाही. तुम्हाला नोकरी, घर, पैसा किंवा मैत्रिणी तोडायला सांगणारा आदेश देवाचा नसतो, तो मालकाचा असतो. ज्या ठिकाणी प्रश्न विचारला की श्रद्धा कमी पडली म्हणतात, तिथून चपला घालून सरळ एसटी पकडा. वारकऱ्यात यायचं असेल तर वाट सोपी आहे. तुमच्या गावची दिंडी ज्या फडाची, म्हणजे वारकऱ्यांच्या ज्या परंपरेची, असेल तिथल्या महाराजांकडून तुळशीची माळ घाला. अटी एवढ्याच: मांस-दारू नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, परक्याच्या पैशाला हात लावायचा नाही, आणि पंढरीची वारी चुकवायची नाही. माळ बाजारात फार महाग नसते, ती तुम्हीच घेऊन जायची. घालायचे कोणी पैसे मागितले तर माळ खिशात ठेवा आणि दुसरीकडं जा.